शिवेवरचे मूल

शिवेवर राहणाऱ्या मुलाचा भार कोणी वाहावा, हा इंग्लंडमधील जुना वाद आहे. १६६२ च्या कायद्याने परक्या पॅरिशमध्ये आलेल्या गरीब कुटुंबाला, ४० दिवसांत तक्रार झाल्यास, मूळ ठिकाणी परत धाडता येई. १९४८ मध्ये गरीब-कायदा गेला, शीव राहिली. १९८९ च्या बालक-कायद्याने गरजू मुलाचे साहाय्य त्याच्या भागातील कौन्सिलवर सोपविले. त्याच वर्षी लंडनमधील ग्रीनिच कौन्सिल शाळाप्रवेशात स्वतःच्या रहिवाशांना अग्रक्रम देऊ पाहत होती. शेजारच्या लुईशॅममधील जॉन बॉल शाळेच्या वतीने दाद मागण्यात आली. केवळ हद्दीबाहेरचा म्हणून मुलाला मागे सारता येणार नाही, असा निवाडा झाला. शाळेचे दार उघडले. इतर साहाय्यासाठी मात्र आजही आधी पत्ता पाहिला जातो. हद्दी कारभाराच्या सोयीसाठी असतात, हे आपण विसरता कामा नये.