कागदावरचा रणगाडा

नगरच्या शाळेत शिकलेल्यांना रणगाडा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. के. के. रेंजच्या बाजूने येणारा आवाज ढगांचा की तोफांचा, हे आपल्याला न सांगता कळायचं. १९९४ साली रणगाडा संग्रहालय सुरू झालं आणि देशोदेशीचे रणगाडे आपल्या गावात बघायला मिळाले. तिथे गेलेला प्रत्येक मुलगा, आणि माझ्यासारखी एखादी मुलगी, एकच प्रश्न विचारते : "यातला सगळ्यात भारी कोणता?" शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, म्हणून स्मरणिकेसाठी मी या प्रश्नाचं उत्तर लिहायला घेतलं आहे. मी लष्करातली नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण यंत्राची रचना करताना काय मिळवायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो.

रणगाड्याचा सगळा हिशेब तीन गोष्टींचा : तोफ, चिलखत आणि हालचाल. पहिल्या दोन वाढवल्या की वजन वाढतं आणि तिसरी कमी होते. जर्मनीचा टायगर १९४२ मध्ये रणांगणात उतरला. ८८ मिलिमीटरची तोफ, समोर १०० मिलिमीटरचं पोलाद, वजन सुमारे ५७ टन. समोरासमोर त्याच्याशी गाठ पडणं म्हणजे संकटच. पण एवढं वजन पेलण्यासाठी त्याची चाकं एकमेकांत शिरवून बसवलेली होती. आतलं एक चाक बदलायचं तर आधी बाहेरची काढावी लागत. रशियाच्या हिवाळ्यात चाकांमधला चिखल रात्रीतून गोठून बसे. रेल्वेने न्यायचा तर रुंद पट्टे काढून अरुंद पट्टे चढवावे लागत. असे टायगर सगळे मिळून साधारण १,३५० बनले.

त्याच्या समोर होता सोव्हिएत टी-३४. याची गंमत समजायला आपलं दहावीचं गणित पुरे. त्याचा समोरचा पत्रा फक्त ४५ मिलिमीटरचा, पण उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला. कोसाइन ६० म्हणजे अर्धा. त्यामुळे समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याच्या वाटेत ९० मिलिमीटर पोलाद येतं, आणि बरेच गोळे तर घसरून निघून जातात. पत्र्याची जाडी न वाढवता चिलखत दुप्पट! डिझेल इंजिन, रुंद पट्टे, सोपी बांधणी. १९४५ पर्यंत असे ५०,००० हून अधिक रणगाडे कारखान्यांतून बाहेर पडले.

मग १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मनांच्या हलक्या रणगाड्यांनी सोव्हिएत सैन्याला इतकं मागे का रेटलं? कारणं पुष्कळ होती, पण त्यातलं एक रणगाड्याच्या आतलं होतं. टी-३४ च्या तोफेच्या फिरत्या बुरुजात, म्हणजे टरेटमध्ये, दोनच माणसं बसत. त्यामुळे कमांडरलाच नेम धरावा लागे, तोच तोफ डागे, आणि आजूबाजूला शत्रू कुठे आहे हेही त्यानेच बघायचं. अनेक रणगाड्यांत रेडिओ नसे, त्यामुळे इतरांना इशारा द्यायला झेंडे. जर्मन पँझर-३ मध्ये टरेटमध्ये तिघं होते : एक नेम धरणारा, एक गोळा भरणारा आणि एक फक्त बघणारा व हुकूम देणारा. शिवाय रेडिओ. पत्रा पातळ, पण विचार करायला एक माणूस मोकळा. सोव्हिएत अभियंत्यांनीही हे ओळखलं. १९४४ मध्ये आलेल्या टी-३४-८५ मध्ये मोठी तोफ होती, आणि टरेटमध्ये तिसऱ्या माणसाला जागाही होती.

ब्रिटिशांनी युद्धातले हे धडे घेऊन सेंच्युरियन बनवला. त्याचे पहिले नमुने मे १९४५ मध्ये युरोपात पोचले, तेव्हा तिथलं युद्ध नुकतंच संपलं होतं. ५० टनांच्या आसपास वजन, ताशी जेमतेम ३५ किलोमीटर वेग. पण टरेटमध्ये तिघांना नीट जागा, चालता चालता तोफ स्थिर ठेवणारी यंत्रणा, आणि चहासाठी पाणी उकळण्याची सोयसुद्धा! तासन्‌तास बंद पत्र्यात बसलेल्या माणसाला काय लागतं, याचा कोणीतरी विचार केला होता.

आता आपल्याकडे या. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणजवळचं असल उत्तर हे गाव. पाकिस्तानच्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनकडे अमेरिकन पॅटन होते : ९० मिलिमीटरची तोफ, सेंच्युरियनपेक्षा जास्त वेग, अंतर मोजणारं आधुनिक यंत्र. आपल्याकडे तीन रेजिमेंट : थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, एट्थ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३ आणि डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धातले शेर्मन. कागदावर तुलना केली तर निकाल सरळ दिसतो.

पण आपल्या सैन्याने घोड्याच्या नालासारखी मांडणी केली, शेतांत पाणी सोडलं आणि उभ्या उसाच्या आड रणगाडे लपवले. पॅटन चिखलात अडकले, वेगाचा उपयोग उरला नाही. पॅटनच्या रेंजफाइंडरवर अचूक अंतर मिळवायला दोन्ही डोळ्यांना भरपूर सराव लागतो, आणि उसातून अगदी जवळून मारा होत असेल तर त्याची मदतही थोडीच. हवालदार अब्दुल हमीद यांनी तर जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. भारतीय नोंदींप्रमाणे या लढाईत शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले.

इथे थांबलं तर गोष्ट अर्धीच राहील. त्याच महिन्यात सियालकोट आघाडीवर आपले सेंच्युरियन चढाई करत होते. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्यात, जखमी होऊनही मागे फिरले नाहीत. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. फिल्लोरा आपल्या हाती आलं, पण चाविंडा घेता आलं नाही. तिथे बचाव करणारे ते होते, चढाई करणारे आपण. रणगाडे तेच. म्हणजे असल उत्तरला सेंच्युरियन जिंकला आणि पॅटन हरला असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. जमीन, मांडणी, सराव आणि आतली माणसं यांनी निकाल ठरवला.

म्हणून "सगळ्यात भारी कोणता?" याला माझं उत्तर असं : ज्याच्या आतल्या माणसाला तो पूर्ण वापरता येतो, तो. माझ्या कामात हे रोज दिसतं. शंभर सोयी असलेलं सॉफ्टवेअर घेतलं जातं, आणि काउंटरवरची बाई त्यातल्या चार वापरते, कारण बाकीच्या शिकवायला कोणी वेळच दिलेला नसतो. दोष तिचा नाही आणि सॉफ्टवेअरचाही नाही. खरेदी करताना यंत्राचा खर्च धरला जातो, शिकवण्याचा धरला जात नाही.

आपल्या सर आणि बाईंनी एकेक गणित चार-चारदा फळ्यावर सोडवून घेतलं, तेव्हा आपण कंटाळायचो. तो वेळ कशासाठी होता, हे आता कळतं. संमेलनाला आलात की मुलांना घेऊन संग्रहालयात जरूर जा. तोफेची लांबी ती स्वतःच मोजतील. तुम्ही त्यांना टरेटकडे बोट दाखवून एवढंच विचारा, आत किती माणसं बसत होती आणि कोणाकडे कोणतं काम होतं.