उचल, मुकादम आणि कायदा: वऱ्हाडातील माणसांच्या व्यापाराविरुद्धचे कायदे

पेशवाईत माणसाची खरेदी-विक्री लपूनछपून होत नसे. कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्याच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत. व्यभिचाराचा दोष शाबीत झालेल्या स्त्रीला तर सरकारच कुणबीण करून कामाला जुंपी. दंड करणारे आणि गुलाम बाळगणारे सरकार एकच, तेव्हा दाद मागायची सोयच नव्हती.

कंपनी सरकारने १८४३च्या पाचव्या कायद्याने गुलामावरचा मालकी हक्क न्यायालयात अमान्य केला. गुलाम बाळगणे मात्र त्याने गुन्हा ठरवले नाही. गुलाम म्हणून माणूस विकत घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठोठावणारे कलम ३७० भारतीय दंड संहितेत आले आणि १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आले. अल्पवयीन मुलामुलींना वेश्याव्यवसायासाठी विकणे व विकत घेणे यांसाठी ३७२ व ३७३ ही कलमे होती.

 वऱ्हाडाचा मुलूख मात्र १८५३च्या कराराने इंग्रजांच्या ताब्यात गेला, पण कागदोपत्री निजामाचाच राहिला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. गव्हर्नर जनरलचा वेगळा हुकूम लागे. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. मुंबई इलाख्यातील १९२३चा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा मुंबईच्या कुंटणखान्यांसाठी होता, वऱ्हाडाचा त्याच्याशी संबंध आला नाही.

राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांवर एकाच वाक्यात बंदी घातली. कायदे करताना मात्र या दोन गोष्टींची फारकत झाली. वऱ्हाडासह विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला त्याच १९५६ साली अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा संमत झाला आणि १९५८ पासून लागू झाला. त्याचा रोख कुंटणखाना चालवणाऱ्यांवर आणि मुली पुरवणाऱ्या दलालांवर होता. मजुरीसाठी अडकवलेला माणूस त्यात कुठेच नव्हता.

त्याच्यासाठी आणीबाणीच्या काळात, ऑक्टोबर १९७५ मध्ये, अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम झाला. वेठबिगाराचे कर्ज रद्द, त्याला मुक्त करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर, प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती आणि गुन्हेगाराला तीन वर्षांपर्यंत कैद, अशी त्यातील तरतूद आहे. कागदावर हा कायदा कडक आहे. पण ऊसतोडीची उचल पाहिली की त्याची अडचण कळते. कारखान्याला मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, रोख रक्कम आगाऊ देतो, तीच उचल. ती तोडीच्या मजुरीतून फेडायची असते. आजारपणात खाडा पडला तर तोही जोडीच्याच नावावर चढतो आणि हंगामाअखेर फिटली नाही ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते. या व्यवहाराला मजूर वेठबिगारी म्हणत नाही, मुकादम तर मुळीच म्हणत नाही, आणि तक्रारीवाचून दक्षता समितीपुढे प्रकरण येत नाही. १९८२ साली एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले कामही २३व्या अनुच्छेदाखाली सक्तीचे श्रम ठरवले. मजुराच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातला हाच निर्णय सर्वांत दूरवर पोचणारा आहे.

दिल्लीतील डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर, २०१३ मध्ये, कलम ३७० नव्याने लिहिले गेले. शोषणासाठी धमकी, फसवणूक किंवा आमिष दाखवून माणसाला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे हा गुन्हा झाला. पीडिताची संमती गैरलागू ठरली. शिक्षा किमान सात वर्षे. फेब्रुवारीच्या अध्यादेशात शोषणाच्या व्याख्येत सक्तीच्या श्रमाचा स्पष्ट उल्लेख होता. संसदेने संमत केलेल्या कायद्यातून तो गळला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये भीक मागायला लावण्याची भर पडली, सक्तीचे श्रम मात्र परतले नाहीत. शारीरिक शोषण, दास्य, गुलामगिरीसदृश प्रथा असे मोघम शब्द तेवढे आहेत आणि त्यांत उचल बसते की नाही, हे प्रत्येक प्रकरणात न्यायालयापुढे नव्याने मांडावे लागते.