उजेड कुठे अडवायचा? मोटारीच्या दिव्याचा इतिहास

वेळणेश्वरच्या उत्तरेला अंजनवेलजवळ टाळकेश्वरचे दीपगृह आहे, तर दक्षिणेला शास्त्री नदीच्या मुखापलीकडे जयगडचे. दीपगृहाचे काम एका वाक्यात सांगता येते: उजेड जास्तीत जास्त दूरवर पाठवायचा आणि तो खलाशाच्या नजरेत भरवायचा. फ्रान्समधील ऑगस्टीन फ्रेनेल (१७८८-१८२७) याने त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचे भिंग तयार केले आणि १८२३ मध्ये ते कॉर्दुआँच्या दीपगृहात प्रथम उजळले.

याच किनाऱ्यावरच्या गावांतून आंब्याच्या हंगामात पेट्यांनी भरलेल्या पिकअप गाड्या रात्री निघतात. त्यांच्या दिव्यांचे काम अधिक अवघड आहे. चालकाला रस्ता दिसला पाहिजे, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाता कामा नये. डोळे दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. अरुंद, वळणांच्या रस्त्यावर कडेने कोणी चालत असेल, तर या काही सेकंदांची किंमत फार मोठी असते.

जुन्या पिकअपला ‘प्रोजेक्टर’ दिवे बसवून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यात योग्य काय आणि धोक्याचे काय, हे समजण्यासाठी या दिव्याचा इतिहास उपयोगी पडतो.

कार्बाइड ते वीज

सुरुवातीच्या मोटारींना तेलाचे कंदील असत. नंतर अ‍ॅसिटिलीन वायूचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पाडले की हा वायू तयार होतो. फळे पिकवण्यासाठी जिच्या वापरावर आज बंदी आहे, तीच ही पूड. अ‍ॅसिटिलीनची ज्योत प्रखर असे आणि वारापावसातही टिकाव धरी.

१९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांची विजेची यंत्रणा आली. तिच्यावर गाडी सुरूही होई आणि दिवेही लागत. विजेच्या दिव्यातील तंतू छोटा असल्याने तो अन्वस्त आकाराच्या परावर्तकाच्या नाभीवर नेमका ठेवता येतो. नाभीतून निघालेले किरण परावर्तनानंतर समांतर जातात, हे आपण वर्गात शिकवतोच. पण असा समांतर झोत समोरच्याचे डोळे दिपवतो.

यावर नाना उपाय झाले. कोणी वीज कमी करून दिवा मंद केला, कोणी दांडा ओढून सबंध दिवाच खाली झुकवला. १९२० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीत ओस्राम कंपनीने ‘बायलक्स’ दिवा आणला. त्यात एकाच काचेत दोन तंतू होते. एक नाभीवर, तो लांबच्या झोतासाठी. दुसरा नाभीच्या किंचित पुढे, आणि त्याच्या खाली पत्र्याची चिमुकली वाटी. पुढच्या तंतूचा उजेड परावर्तकाच्या वरच्या भागावरून रस्त्याकडे खाली वळे. खालच्या भागावर पडणारा उजेड वर उडाला असता, म्हणून वाटी तो अडवून धरी. म्हणजे समोरच्याचे डोळे वाचवण्यासाठी परावर्तकाचा बराच भाग वापराविना ठेवावा लागला.

सात इंचांचे वर्तुळ

परावर्तकाची चकाकी धूळ आणि दमट हवेने जाते. खाऱ्या वाऱ्याच्या कोकणात याचा अनुभव सर्वांनाच आहे. अमेरिकेत १९४० पासून तंतू, परावर्तक आणि काच एकत्र बंद केलेला ‘सील्ड बीम’ दिवा प्रचारात आला. त्याचा आकार ठरलेला होता: गोल आणि सात इंच व्यासाचा. महिंद्रच्या जीपगाड्या, अ‍ॅम्बेसेडर मोटार यांच्यामुळे सात इंचांचा गोल दिवा आपल्याकडेही घरचा झाला.

ठरीव मापामुळे सुटा भाग कुठेही मिळू लागला. पण या नियमामुळे अमेरिकेतील दिवा १९८३ पर्यंत जवळजवळ जागीच थांबला. युरोपात मात्र काचेचा बल्ब बदलता येत असे, म्हणून सुधारणा होत राहिल्या. १९६२ मध्ये मोटारींसाठी हॅलोजन दिवा आला. साध्या दिव्यात टंगस्टनची वाफ काचेवर बसून काच काळवंडते, तर हॅलोजन वायू ते टंगस्टन तंतूकडे परत नेतो. त्यामुळे तंतू अधिक तापवता येतो आणि उजेड वाढतो. १९७१ च्या सुमारास दोन तंतूंचा ‘एच-४’ बल्ब आला. वाटीची युक्ती त्यातही कायम राहिली. सात इंचांच्या त्याच जागेत एच-४ चा परावर्तक बसू लागला. जुन्या गाडीत नवा दिवा बसवण्याची सोय अशी जुनीच आहे.

सावलीची कड

१९८० च्या दशकात हेला, बॉश आणि सिबिए या कंपन्यांनी वेगळी वाट धरली. १९८६ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेतून प्रोजेक्टर दिवे मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. यातील परावर्तक लंबवर्तुळाकार घडणीचा असतो. लंबवर्तुळाच्या एका नाभीतून निघालेले किरण दुसऱ्या नाभीत एकत्र येतात. त्या दुसऱ्या नाभीपाशी पत्र्याचा पडदा असतो आणि पुढे बहिर्वक्र भिंग. भिंग पडद्याच्या कडेची प्रतिमा रस्त्यावर टाकते. प्रतिमा उलटी असल्याने पडदा खालचा उजेड अडवतो आणि अंधार मात्र वर पडतो.

हे वर्गात सहज दाखवता येते. विजेरीसमोर पोस्टकार्ड असे धरा की त्याने खालचा अर्धा उजेड अडेल. पुढे हातातले भिंग धरून मागेपुढे करा. समोरच्या भिंतीवर रेखीव कड उमटेल, आणि अंधार वरच्या बाजूला असेल. कडेवर निळसर किंवा तांबूस छटा दिसली तर ती का, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.

जुन्या गाडीत नवा दिवा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एच-४ च्या परावर्तकात नुसता झेनॉन किंवा एलईडी बल्ब घातला, तर उजेडाचा स्रोत आकाराने वेगळा असतो आणि नाभीपासून ढळलेलाही असू शकतो. मग उजेड वाढतो, पण कड विस्कटते आणि त्रास समोरच्याला होतो. प्रोजेक्टरमध्ये परावर्तक, पडदा आणि भिंग एकमेकांसाठीच आखलेले असतात, म्हणून तो संच अख्खाच बसवला पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या दिव्याची कड डावीकडे वर चढते. उजवीकडून चालणाऱ्या देशातल्या गाडीचा जुना प्रोजेक्टर आणला, तर ती नेमकी समोरच्या चालकाकडे चढेल.

खर्च करण्यापूर्वी वायरिंग तपासावे. जुन्या तारांमुळे बल्बपर्यंत दहा टक्के कमी व्होल्टेज पोहोचले, तर हॅलोजन दिव्याचा उजेड सुमारे तीस टक्के घटतो. जाड तार आणि रिले बसवल्यास तो परत मिळू शकतो.

ओझ्याचे गणितही आहे. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच आणि झोत दर मीटरला १ सेंटिमीटर खाली, असे धरा. ५० मीटरवर कड ३० सेंटिमीटर उंचीवर असेल. मागे पेट्या भरल्याने गाडीचे नाक एका अंशाने उचलले गेले, तर झोत दर मीटरला पाऊण सेंटिमीटर वर जाऊ लागतो. आता कड सुमारे ११७ सेंटिमीटरवर पोहोचते. लहान मोटारीतल्या चालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करता येत नाही. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणा करणे शहाणपणाचे.

बसवलेला दिवा पारखायला महागडे यंत्र लागत नाही. सपाट जागेवर, नेहमीचे ओझे भरून, गाडी शाळेच्या भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीची खूण करावी. खालच्या झोताची कड त्या खुणेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. ती वर गेलेली दिसली, तर दिवा कितीही भारी असो, रस्त्यावर निघण्यापूर्वी तो खाली वळवून घ्यावा.