संत पॅट्रिकचा स्मृतिदिन : चिन्हे, आख्यायिका आणि विस्मृत दास्य

आयर्लंडमध्ये दरवर्षी १७ मार्च हा दिवस संत पॅट्रिक याचा स्मृतिदिन म्हणून साजरा होतो. हिरवा पोशाख, छातीवर खोवलेली तीन पानांची शॅमरॉक वनस्पती, मिरवणुका आणि संताने बेटावरील साप हाकलून दिल्याची कथा ही या उत्सवाची सर्वपरिचित लक्षणे होत. ती पाचव्या शतकातील या धर्मप्रचारकापासून अखंड चालत आली असावीत, असा सर्वसाधारण समज आहे. उपलब्ध लेखांचा कालानुक्रमे विचार केल्यास मात्र निराळेच चित्र दिसते.

पॅट्रिकने स्वतः लिहिलेले दोन लॅटिन लेख आज उपलब्ध आहेत. पहिला त्याचे आत्मनिवेदन. दुसरा कोरोटिकस नामक सरदाराच्या सैनिकांस उद्देशून लिहिलेले पत्र. आत्मनिवेदनात तो सांगतो की, त्याचा पिता काल्पुर्नियस हा ख्रिस्ती धर्माधिकारी होता. वयाच्या सुमारे सोळाव्या वर्षी चाच्यांनी पॅट्रिकला ब्रिटनमधून पळवून आयर्लंडमध्ये गुलाम केले. सहा वर्षे त्याने गुरे-मेंढरे राखली, नंतर पळ काढून स्वदेश गाठला. पुढे स्वप्नात आयरिश लोकांची हाक ऐकून तो त्याच भूमीत धर्मप्रचारार्थ परतला. पत्राचा प्रसंगही गुलामगिरीचाच आहे. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांपैकी काहींना या सैनिकांनी ठार मारले व काहींना बंदी करून नेले. बंदिवानांना मुक्त करीपर्यंत या अपराध्यांसमवेत कोणी अन्नपाणी घेऊ नये, त्यांचे दानही स्वीकारू नये, असे पॅट्रिक निक्षून बजावतो. या दोन्ही लेखांत ना सापांचा उल्लेख आहे, ना शॅमरॉकचा.

सातव्या शतकात मुर्खू व तीरेखान यांनी पॅट्रिकसंबंधी चरित्रपर लेखन केले. आर्मा येथील धर्मपीठाला सर्व आयर्लंडवर अग्रमान मिळावा, ही निकड त्या काळी प्रबळ होती. त्यामुळे या लेखनातील पॅट्रिक दीन गुलाम राहत नाही, तो राजांना नमविणारा चमत्कारी विजेता होतो. ताराच्या राजाची आज्ञा मोडून स्लेन येथे त्याने ईस्टरचा अग्नी प्रज्वलित केल्याची सुप्रसिद्ध कथा मुर्खूची आहे. सापांची कथा मात्र यांपैकी कोणीच सांगत नाही.

या कथेचा उगम चमत्कारात नसून भूगोलात आहे. आयर्लंडमध्ये साप नाहीत, हे रोमन लेखक सोलिनुस याने पॅट्रिकच्या पूर्वीच, तिसऱ्या शतकात नमूद केले होते, बीडच्या इ. स. ७३१ मधील इतिहासातही तसाच उल्लेख आहे. हिमयुगानंतर समुद्राने वेढलेल्या या बेटावर साप पोहोचलेच नाहीत, असा आधुनिक शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. बाराव्या शतकात जोसेलिन याने सर्पनिष्कासनाचे श्रेय पॅट्रिकला दिले; परंतु त्याच शतकातील जेराल्ड ऑफ वेल्स याने ही गोष्ट कल्पित मानली. लोकांनी असलेल्या वस्तुस्थितीला कारण शोधले आणि ते संताच्या ठायी सापडले, एवढाच याचा अर्थ.

शॅमरॉक याहूनही अर्वाचीन आहे. या आयरिश शब्दाचा अर्थ केवळ 'लहान तिपानी' असा आहे. १६८१ मध्ये टॉमस डाइनली या इंग्रज प्रवाशाने १७ मार्चला लोक क्रूस व शॅमरॉक धारण करतात, असे नोंदविले. पॅट्रिकने या पानाच्या साहाय्याने ईश्वराचे त्रैक्य समजावून दिले, ही कथा प्रथम १७२६ च्या सुमारास केलेब थ्रेलकेल्ड याच्या वनस्पतिविषयक ग्रंथात आढळते. या दिवशी शॅमरॉक 'भिजविण्याच्या' निमित्ताने मद्यपानाचा अतिरेक होतो, अशी तक्रारही त्याने तेथेच केली आहे. शॅमरॉक म्हणून कोणती वनस्पती खुडतात, याची पाहणी १८९३ व १९८८ मध्ये झाली. दोन्ही वेळा एकच जाती निश्चित न होता क्लोव्हर वर्गातील अनेक वनस्पती पुढे आल्या.

हिरव्या रंगाची कथाही राजकीय आहे. १७८३ मध्ये ब्रिटिश राजाने स्थापिलेल्या संत पॅट्रिक सरदारपदाचा रंग निळा होता. १७९० नंतरच्या दशकात 'युनायटेड आयरिशमेन' या क्रांतिकारक संघटनेने हिरवा रंग उचलला आणि १७९८ च्या उठावानंतर तो राष्ट्रीय अस्मितेचे चिन्ह म्हणून दृढ झाला. मिरवणुकाही प्रामुख्याने परदेशीच वाढल्या. न्यूयॉर्कमधील पथसंचलनाची परंपरा १७६२ पासून सांगितली जाते. १८४५ पासूनच्या महादुष्काळात सुमारे दहा लक्ष लोक मृत्युमुखी पडले आणि त्याहूनही अधिक देशोधडीला लागले. अशा निर्वासितांना हा दिवस आपल्या संघशक्तीच्या प्रदर्शनाचा वाटला. खुद्द आयर्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने सुटी मिळाली, आणि मद्यगृहे तर १९२७ पासून १९६० पर्यंत या दिवशी कायद्याने बंदच असत.

याप्रमाणे प्रत्येक चिन्हामागे त्या त्या काळाची गरज दिसते. पॅट्रिकच्या स्वतःच्या शब्दांत जे केंद्रस्थानी होते, ते दास्य मात्र उत्सवातून जवळजवळ लोपले. याला एक लक्षणीय अपवाद आहे. कॅरिबियन समुद्रातील माँटसेराट बेटावर सतराव्या शतकात आयरिश कॅथलिक वसले व त्यांतील काही मळेमालक होऊन आफ्रिकी गुलाम बाळगू लागले. १७ मार्च १७६८ रोजी मालकवर्ग संताच्या उत्सवात दंग असेल, हे हेरून गुलामांनी उठावाचा बेत केला. तो आधीच फुटला व त्याच्या म्होरक्यांना देहान्त शिक्षा झाली. १९८५ पासून त्या बेटावर १७ मार्चला सार्वजनिक सुटी असून तेथे या हुतात्म्यांचेही स्मरण केले जाते.

स्वतः गुलामगिरी भोगलेल्या आणि माणसे पळवून नेणाऱ्यांचा धिक्कार करणाऱ्या संताचा उत्सव गुलामांच्या मालकांनी करावा, हा इतिहासातील विरोधाभास होय. आयर्लंडपासून हजारो मैल दूर, त्या गुलामांच्या वंशजांनी पाळलेल्या या दिवशी पॅट्रिकच्या मूळ लेखणीतील व्यथेचे स्मरण कदाचित सर्वांत प्रामाणिकपणे होत असेल.