तळटीप : गॅसबत्ती
* गॅसबत्ती : गावोगाव वीज येण्याआधी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जत्रेला, तमाशाच्या फडाला, लग्नाच्या वरातीला उजेड असे तो बहुधा हिचाच. ‘पेट्रोमॅक्स’ हे मूळचे बर्लिनच्या एका कंपनीच्या बत्तीचे नाव. पंपाच्या दाबाने रॉकेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती निपलमधून निघून हवेत मिसळून मेंटलपाशी जळते. थोरियम-सेरियमच्या क्षारांत भिजवलेले मेंटलचे कापड पहिल्याच ज्योतीत जळून जाते. पांढराशुभ्र उजेड देते ती मागे उरलेली ऑक्साइडची जाळी. ही जाळी इतकी ठिसूळ, की बत्ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्याला ठेच लागली तरी ती झडे.

घरात अशी बत्ती पडून असेल तर कृपया भंगारात देऊ नका. बहुतेकदा पंपाचे चामडी वायसर तेवढे सुकलेले असते. तेलात मुरवले की ते पुन्हा हवा धरते. मग रिकाम्या टाकीत थोडी हवा भरून ती पाण्यात बुडवून पाहावी. बुडबुडे दिसले, तर डाग देऊन घेतल्याशिवाय रॉकेल भरू नये. पेट्रोल तर कधीच नाही. आणि थोरियम किरणोत्सारी आहे, तेव्हा जुन्या मेंटलची राख फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.