पिधान, बाह्यग्रहांचे

पिधान, बाह्यग्रहांचे : दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह आपल्या दृष्टिरेषेत त्या ताऱ्यामागे जाऊन झाकला जाण्याची घटना. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो ते अधिक्रमण, मागे दडतो ते पिधान. ताऱ्याला लगटून फिरणाऱ्या महाकाय वायुग्रहांच्या, म्हणजे ‘तप्त गुरूं’च्या, तापमानाबद्दल जे कळले आहे त्याचा मोठा भाग पिधानातून आला आहे.

असा ग्रह दुर्बिणीतून वेगळा दिसत नाही. त्याचा आणि ताऱ्याचा प्रकाश एकत्रच पोचतो. म्हणून पिधानाच्या आधी तो मोजतात आणि ग्रह दडलेला असताना पुन्हा मोजतात. जेवढा कमी भरेल तेवढा ग्रहाचा. दृश्य प्रकाशात ही घट नगण्य असते, अवरक्तात ती हाती लागते. २००५ मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने ‘ट्रेस-१ बी’ आणि ‘एचडी २०९४५८ बी’ या दोन ग्रहांची पिधाने टिपली. दुसऱ्याच्या बाबतीत घट पाव टक्क्याच्या जवळपास होती. दोन्ही ग्रहांचे तापमान ११०० केल्विनच्या आसपास निघाले. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाची ऊब थेट मोजली गेली ती तेव्हा प्रथमच.

पिधानाची वेळही बोलकी असते. ते दोन अधिक्रमणांच्या बरोबर मध्यावर आले नाही, तर कक्षा लंबगोल आहे असे समजते. त्याहून मोलाचे आहेत ते ग्रह झाकला जात असतानाचे काही क्षण. ग्रहणगणितातील स्पर्श (झाकण्याची सुरुवात), संमीलन (पूर्ण झाकले जाणे), उन्मीलन (पुन्हा दिसू लागणे) आणि मोक्ष (पूर्ण सुटका) हे चारही टप्पे इथे लागू पडतात. स्पर्शापासून संमीलनापर्यंत ताऱ्याची कड ग्रहाला पट्टीपट्टीने झाकत जाते, म्हणून प्रकाश कसकसा उतरला यावरून ग्रहावरील उष्ण-थंड भागांचा नकाशा काढता येतो. गुरूच्या दसपट वस्तुमानाच्या ‘वास्प-१८ बी’चा असा नकाशा जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे चार टप्पे ज्या ग्रहणगणितातून येतात, ती ग्रहणाच्या वेळा काटेकोर काढण्याची विद्या खानदेशात जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेख तिची साक्ष देतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिले. दानाचा दिवस श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचा होता. १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. ‘सिद्धांतशिरोमणी’त चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण यांना स्वतंत्र अधिकार, म्हणजे प्रकरणे, आहेत. खगोलगणिताच्या अध्यापनासाठी नेमून दिलेल्या दानाचा इतका स्पष्ट पुरावा जळगाव जिल्ह्यात असावा, ही मोठी ठेव आहे.

महाराष्ट्रातून पिधानाचा वापर प्रत्यक्ष संशोधनात झाला तो जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर. तप्त ग्रहाच्या चुंबकक्षेत्रातून रेडिओलहरी निघत असतील, तर ग्रह दडताच त्या थांबायला हव्यात, हा त्यामागचा तर्क. फ्रेंच आणि भारतीय संशोधकांनी ‘एचडी १८९७३३ बी’चे पिधान मध्ये धरून २४४ आणि ६१४ मेगाहर्ट्झवर ७.७ तास निरीक्षण केले. काही सापडले नाही, पण अशा लहरी असल्याच तर जास्तीत जास्त किती तीव्र असू शकतात याची, आधीपेक्षा कितीतरी खोल मर्यादा २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. नेपच्यूनच्या वस्तुमानाच्या ‘हॅट-पी-११ बी’कडून २००९ साली १५० मेगाहर्ट्झवर क्षीण संकेत आल्यासारखा वाटला आणि पिधानात तो नाहीसा झाला. २०१० च्या निरीक्षणात मात्र तो पुन्हा मिळाला नाही. त्यामुळे त्याला शोध म्हणता येत नाही, तरी पद्धतीची चाचणी म्हणून हे काम महत्त्वाचेच.

‘एचडी १८९७३३’ हा तारा जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या शेजारी आहे. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) सुमारे २२.७ अंश उत्तर आणि जळगाव-धुळ्याचे अक्षांश सुमारे २१, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंधार पडल्यावर तो तेथे जवळजवळ डोक्यावर येतो. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही, द्विनेत्रीतून दिसतो. त्याच्या ग्रहाचे पिधान घरच्या साधनांच्या आवाक्याबाहेरचे आहे. अधिक्रमणात मात्र प्रकाश दोन टक्क्यांहून अधिक उतरतो आणि चांगला कॅमेरा जोडलेल्या छोट्या दुर्बिणीला तो टिपता येतो.