भाकरीचा राखणदार

इंग्रजी बायबलात देवासाठी पानोपानी येणारा शब्द म्हणजे ‘लॉर्ड’. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की कर्झन आठवतो, डलहौसी आठवतो, फार तर विलायतेतील उमरावांची सभा आठवते. परंतु या शब्दाचा भरजरी अंगरखा उतरवून पाहिला, तर आत पीठ लागलेले हात दिसतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन बोलीत त्याचे रूप ‘ह्लाफोर्द’ असे होते, आणि त्याच्याही आधी ‘ह्लाफवेआर्द’. ‘ह्लाफ’ म्हणजे भाकर. आजचा पावाचा ‘लोफ’ तो हाच. ‘वेआर्द’ म्हणजे राखणदार. भाकरीची राखण करतो तो लॉर्ड. त्याची घरधनीण ‘ह्लॅफदिये’, म्हणजे पीठ मळणारी. ती झिजत झिजत आजची ‘लेडी’ झाली. आणि घरातला नोकर? सातव्या शतकाच्या आरंभी केंटच्या एथेलबर्ट राजाने केलेल्या कायद्यांत त्याला ‘ह्लाफएता’ म्हटले आहे, म्हणजे भाकर खाणारा. ज्याचे मीठ खावे त्याची चाकरी करावी, असे मानणाऱ्या आपल्या लोकांना ही घडण समजावून सांगायला नको.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. लॅटिन-ग्रीकची विद्वत्ता माझ्यापाशी नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला माणसाप्रमाणेच शब्दालाही ‘तू कुठला, कुणाच्या घरचा?’ असे विचारायची खोड असते. या खोडीपायी इंग्रजी धर्मग्रंथातले शब्द उकलू लागलो, तेव्हा जी मौज दिसली ती अशी की, या पवित्र शब्दांपैकी कितीतरी जन्माने ख्रिस्ती नाहीतच.

इ. स. ५९७ मध्ये ऑगस्टीन नावाचा साधू रोमहून केंटच्या किनाऱ्यावर उतरला. त्याला पोप ग्रेगरीने पाठवले होते. इंग्रज लोक तेव्हा वोडेन, थुनोर अशा देवांना भजत. त्यांची नावे इंग्रजी वारांत अजून आहेत. ६०१ साली ग्रेगरीने मेलिटस नावाच्या धर्मोपदेशकाला एक पत्र धाडले. ते बीडने आपल्या इतिहासात जपून ठेवले आहे. त्याचा मथितार्थ असा की, लोकांची देवळे पाडू नका. आतल्या मूर्ती काढा, तीर्थ शिंपडा, वेदी उभारा. म्हणजे लोक सवयीच्या जागी येतील आणि खऱ्या देवाला भजतील. बैल कापायची त्यांची रीत आहे, तर तेही राहू द्या. फक्त मेजवानी देवाचे आभार मानून होऊ द्या.

हे पत्र देवळांबद्दल आहे, भाषेबद्दल त्यात अक्षर नाही. परंतु शब्दांच्या बाबतीत झाले ते नेमके हेच. देऊळ राहिले, मूर्ती बदलली.

‘ब्लेस’ हा शब्द घ्या. आशीर्वाद देणे हा त्याचा अर्थ. लॅटिनमध्ये यासाठी जो शब्द आहे तो ‘चांगले बोलणे’ असा सोज्वळ आहे. इंग्रजी शब्द मात्र ‘ब्लेत्सिअन’, आणि त्याचे मूळ भाषापंडित ‘ब्लोद’मध्ये, म्हणजे रक्तात शोधतात. बळीचे रक्त शिंपडून वेदी पवित्र करणे, हा त्याचा आदिम अर्थ. आपल्याकडे बळीचे रक्त देवापुढच्या दगडाला लावताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या शब्दाचा वास येईल. आज कुणी शिंकले तरी विलायतेत शेजारी हाच शब्द उच्चारतो!

‘गॉड’ हा शब्द तर नपुंसकलिंगी होता. जुन्या जर्मानिक बोलीत तो ‘ते दैवत’ अशा अर्थाने चाले. ख्रिस्ती झाल्यावर तो पुल्लिंगी झाला. त्याच्या मुळाविषयी दोन मते आहेत. एक त्याला आपल्या ‘हु’ धातूशी, म्हणजे हवन करणे याच्याशी जोडते. दुसरे ‘ह्वे’शी, म्हणजे हाक मारण्याशी. दुसरे खरे असेल तर ऋग्वेदात इंद्राला ‘पुरुहूत’, पुष्कळांनी हाक मारलेला, असे म्हटले आहे, त्यातला ‘हूत’ आणि हा ‘गॉड’ सख्खे भाऊ ठरतात. ‘ईस्टर’ची कथा याहून उघड. ज्या सणाला युरोपात बहुतेक सगळीकडे ‘पास्का’ या घराण्यातले नाव आहे, त्याला इंग्रज ज्या नावाने ओळखतात ते एओस्त्रे नावाच्या एका जुन्या देवीचे, असे बीडने ७२५ साली लिहून ठेवले. काही विद्वान बीडवर याबाबत विश्वास ठेवत नाहीत. मी ठेवतो, स्वतः साधू असलेला माणूस आपल्या सर्वांत मोठ्या सणाच्या नावात देवी उगाच कशाला घुसडील?

‘गॉस्पेल’ची गंमत निराळी. तो नव्याने पाडलेला शब्द. ग्रीक ‘एवांगेलिऑन’ म्हणजे चांगली बातमी. त्याचे शब्दशः भाषांतर ‘गोडस्पेल’. ‘गोड’ म्हणजे चांगले. (मराठी कानाला हा उच्चार फारच गोड लागतो, पण नाते काही नाही.) पुढे त्यातला ओकार ऱ्हस्व झाला आणि लोकांना तो ‘गॉड’चा, म्हणजे देवाचा शब्द वाटू लागला. इंग्रज धर्मोपदेशकांनी हा शब्द जर्मनीत आणि उत्तरेकडे नेला, तो या चुकीच्या अर्थासकटच. आपल्याकडे ख्रिस्ती मंडळींनी ‘शुभवर्तमान’ हा शब्द रूढ केला. त्याची घडण मूळ ग्रीकाप्रमाणेच आहे. तेवढी चूक मात्र त्यात शिरली नाही.

हे शब्द ग्रंथात कसे आले ते आता पाहू. बीडने योहानाचे शुभवर्तमान आपल्या लोकांच्या बोलीत उतरवायला घेतले आणि ७३५ साली मरणाच्या दिवशीही तो ते सांगत होता. लिहून घेणारा मुलगा म्हणाला, आता एकच वाक्य राहिले. तेवढे सांगून बीडने प्राण सोडला, असे त्याच्या शिष्याच्या पत्रात आहे. ते भाषांतर मात्र काळाच्या उदरात गेले. आज जे टिकले आहे त्यात सर्वांत जुने काम आल्ड्रेड नावाच्या पाद्र्याचे. लिंडिसफार्नच्या मठात आठव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली शुभवर्तमानांची एक देखणी लॅटिन पोथी आहे. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दहाव्या शतकात या आल्ड्रेडने तिच्या ओळींमधल्या कोऱ्या जागेत, प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर, बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहिला. आमची मुले इंग्रजीच्या पुस्तकात शिसपेन्सिलीने अर्थ लिहितात, अगदी तसाच! कुठे खात्री नसली तर एकाच शब्दावर दोन दोन, तीन तीन अर्थ देऊन ठेवतो. दोनशे वर्षांच्या अमोल पोथीवर असे लिहायचा धीर त्याला झाला, याचे मला फार कौतुक वाटते.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, सुमारे ९९० साली, चारही शुभवर्तमाने वेसेक्सच्या बोलीत सलग उतरली. त्यातले शब्द वाचताना पोट भरत नाही. येशूच्या शिष्याला ‘लेओर्निंगक्निख्त’, म्हणजे शिकणारा पोरगा. (हा ‘क्निख्त’ पुढे घोड्यावर बसून ‘नाइट’ झाला.) शास्त्र्यांना ‘बोकेरस’, पोथीवाले. दया म्हणजे ‘मिल्दहेओर्तनेस’, मऊ काळजाचेपण. आणि खुद्द येशूला ‘हॅलेंद’, म्हणजे बरे करणारा. ‘होली’ म्हणजे पवित्र, ‘हील’ म्हणजे बरे करणे, ‘होल’ म्हणजे अखंड, ही सगळी याच कुळातली. पावित्र्य, आरोग्य आणि अखंडपणा यांत भेद न करणारी ती भाषा होती. ‘डूम’चेही असेच. ‘दोम’ म्हणजे जे ठरवून ठेवले ते, न्याय. त्याचा धातू आपलाच ‘धा’. आपल्या ‘विधी’चा अर्थ नियमापासून सरकत नशिबापर्यंत गेला, तसाच त्यांचा ‘डूम’ न्यायासनावरून सर्वनाशापर्यंत गेला.

१०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. ‘हॅलेंद’ गेला, ‘सेव्हियर’ आला. मऊ काळीज गेले, ‘मर्सी’ आली. शिकणारा पोरगा गेला, ‘डिसायपल’ आला. राहिले कोणते? गॉड, लॉर्ड, होली, ब्लेस, सिन, हेवन, हेल, सोल, लव्ह. अंगणात आणि चुलीपाशी ज्यांच्यावाचून चालत नव्हते, ते शब्द साहेबाला हटवता आले नाहीत.

पुढे विक्लिफच्या अनुयायांनी १३८०च्या सुमारास लॅटिनवरून सबंध बायबल इंग्रजीत आणले. धर्मसत्तेने १४०९ साली परवानगीवाचून भाषांतर करण्यास बंदी घातली, आणि १४२८ साली विक्लिफची हाडे उकरून जाळली. मेलेल्या माणसावरचा हा राग पाहिला की पुढच्याचे काय होणार ते कळते.

पुढचा म्हणजे विल्यम टिंडेल. नांगर हाकणाऱ्या पोरालाही एका पंडिताहून अधिक शास्त्र कळेल असे आपण करू, ही त्याची प्रतिज्ञा प्रसिद्ध आहे. इंग्लंडात थारा मिळेना, म्हणून तो जर्मनीत गेला आणि १५२६ साली वर्म्स गावी त्याने मूळ ग्रीकवरून केलेला नवा करार छापला. हिब्रूचे वळण लॅटिनपेक्षा इंग्रजीशी कितीतरी अधिक जुळते, असे त्याचे मत होते. जिथे शब्द सापडला नाही तिथे त्याने सुतारासारखे काम केले. देवाशी तुटलेले नाते जुळणे याला त्याने ‘ॲट’ आणि ‘वन’ जोडून, मागे फ्रेंच शेपूट लावून ‘ॲटोनमेंट’ म्हटले. ‘एक होणे’ एवढाच त्याचा अर्थ; आपल्याकडच्या अद्वैतवाद्यांनी हेवा करावा असा.

खरे भांडण पेटले ते ‘लव्ह’वरून. पौलाच्या पत्रात प्रीतीचे जे प्रसिद्ध प्रकरण आहे, तिथे चर्चचा ठरलेला शब्द ‘चॅरिटी’. टिंडेलने तिथे ‘लव्ह’ घातला. सर टॉमस मोर हा मोठा पंडित. त्याने १५२९ साली पुस्तक लिहून टिंडेलवर हल्ला चढवला. ‘चर्च’ऐवजी मंडळी, ‘प्रीस्ट’ऐवजी वडीलधारा आणि ‘चॅरिटी’ऐवजी हा बाजारातला शब्द, असा त्याचा आक्षेप. आणि तो अगदीच पोकळ नव्हता. ‘लव्ह’चा धातू आपला ‘लुभ्’, म्हणजे लोभ. पण हाच लोभ शास्त्रात षड्रिपूंपैकी एक असताना आपण वडिलांच्या पत्राखाली ‘लोभ असावा’ लिहितोच ना? शब्दाची जात त्याच्या धंद्यावरून ठरत नाही, हे टिंडेलला कळले होते.

मोरचे डोके त्याच्याच राजाने १५३५ साली उडवले. त्याच वर्षी टिंडेल पकडला गेला. ब्रुसेल्सजवळ व्हिल्वोर्डेच्या तुरुंगातून त्याने लिहिलेले एक लॅटिन पत्र उरले आहे. थंडी फार आहे, एक गरम टोपी द्यावी. संध्याकाळी दिवा मिळावा. आणि सर्वांत अधिक म्हणजे माझे हिब्रू बायबल, व्याकरण व कोश द्यावा, एवढीच मागणी. ऑक्टोबर १५३६ मध्ये त्याचा गळा आवळून देह जाळला. दोनच वर्षांनी राजाने आज्ञा केली की, प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवावे. आणि त्यासाठी जे छापले गेले त्यात मोठा भाग याच जाळलेल्या माणसाचा होता. १६११च्या राजमान्य भाषांतरातला नवा करारही चार-पंचमांशाहून अधिक त्याचाच आहे. त्या पंडितांनी ‘चॅरिटी’ मात्र परत आणली. ‘लव्ह’ला पुन्हा जागा मिळायला १८८१ची सुधारलेली आवृत्ती यावी लागली.

दोन्ही टोकांची माणसेही झाली. १५४२ साली बिशप गार्डिनरने शंभरेक लॅटिन शब्दांची यादी धर्मसभेपुढे ठेवली. हे शब्द भाषांतरात शक्यतो तसेच राहावेत असा त्याचा आग्रह. उलट केंब्रिजचा ग्रीक अध्यापक सर जॉन चीक याने मत्तयाचे भाषांतर अस्सल देशी शब्दांत करायला घेतले: शताधिपतीला ‘हंड्रेडर’, वेडसराला ‘मून्ड’, पुनरुत्थानाला ‘गेनरायझिंग’! ते १८४३पर्यंत छापलेच गेले नाही. आपल्याकडच्या भाषाशुद्धीवाल्यांचे काही शब्द तरी टिकले. चीकच्या नशिबी तेही नव्हते. आणि १५८२ साली रीम्सला कॅथलिक पंडितांनी जे भाषांतर छापले, त्यात प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीला ‘सुपरसब्स्टॅन्शियल’ असे लॅटिन विशेषण आहे. भुकेल्या माणसाने ते उच्चारून होईपर्यंत भाकर निवायची.

त्याच जागी मराठी बायबलात ‘भाकर’ असा साधा शब्द आहे. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून स्वतः बायबल मराठीत केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नांगरणाऱ्या पोराऐवजी मुक्तिसदनातल्या, नुकत्याच अक्षर शिकलेल्या बाया होत्या. संस्कृत मुखोद्गत असलेल्या या बाईंनी जड संस्कृत शब्द टाळले, आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा रंग लागलेले शब्दही कटाक्षाने बाजूला ठेवले. पोप ग्रेगरीची माणसे जुन्या देवाचे शब्द खुशाल उचलत होती. रमाबाईंना त्यातला एकेक शब्द ओळखीचा होता, म्हणूनच बहुधा त्यांना तो नको होता. १९२२ साली त्या वारल्या, आणि सबंध ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर आला.